ऑपरेशननंतरचा सुती सूट: नर कुत्र्यासाठी घ्या, पण कापून घ्या

स्तनाचा कर्करोग नर कुत्र्यालाही होतो. क्वचित, पण होतो. गाठ काढल्यावर टाके झाकायला नागपुरात सीताबर्डीवरच्या पेट शॉपमधला हा सुती सूट कामाचा आहे. कापड मऊ, शिवण बाहेरून. मोठी खोट एकच: तो मादीच्या मापाने बेतलाय. नराची मागची स्तनाग्रं शिश्नाच्या दोन्ही बाजूंना असतात. सूट तसाच चढवला की लघवी कापडात मुरते, टाके ओले राहून चिघळतात. शिश्नाच्या तोंडापुढे तीन बोटं जागा सुटेल इतकं भोक कापा आणि कडा दुमडून शिवा, नाहीतर सुटे धागे टाक्यांत अडकतात. भोकाजवळचे टाके उघडे राहतात, तेव्हा गळ्यात टाके चाटू न देणारी शंकूसारखी कॉलर हवीच.

माप मानेच्या बुडापासून शेपटीच्या बुडापर्यंत घ्या. छातीखाली दोन बोटं सहज जायला हवीत. टाके साधारण 10 ते 14 दिवस असतात, म्हणून दोन सूट घ्या, रोज बदला. नागपूरच्या मे महिन्यात पॉलिस्टरचा अजिबात नको. कूलरचा दमट झोत थेट टाक्यांवरही नको.

आणि काढलेली गाठ फेकू देऊ नका, बायोप्सीला पाठवायला सांगा. वृषणंही तपासून घ्या, तिथल्या काही गाठींमुळे नराची स्तनाग्रं सुजतात.