ठाण्यात नौपाड्यातले म्युच्युअल फंडवाले काका, दीड वर्षाचा अनुभव, साडेतीन स्टार

नाव टाकत नाहीये, कारण पुढे तक्रारीपण आहेत आणि माणूस तसा भला आहे. गोखले रोडवरून आत वळलं की जुनी बिल्डिंग, पहिला मजला, बाहेर चपलांचा ढीग. ऑफिस म्हणजे एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीवर वेगवेगळ्या फंड कंपन्यांची चार कॅलेंडर्स. बाबा आधीपासून त्यांच्याकडे जायचे. मी २०२४ च्या दिवाळीनंतर गेले, कारण मोबाईलच्या ॲपवर फंडांना दिलेले स्टार बघून बघून नऊ फंड घेऊन ठेवलेले आणि कशात काय आहे ते माझं मलाच कळेना.

काकांनी आधी सगळ्या फंडांचं एकत्र स्टेटमेंट मागितलं, पॅन टाकलं की ईमेलवर येतं ते. पाच मिनिटं नुसतं बघत बसले, मग म्हणाले, "ताई, डबे नऊ आहेत पण पाचात बटाट्याचीच भाजी आहे." तीन लार्ज कॅप (मोठ्या कंपन्यांचे), एक निफ्टी इंडेक्स (निफ्टीतल्याच कंपन्या घेणारा), एक फ्लेक्सी कॅप (लहानमोठ्या कुठल्याही कंपन्या घेणारा), आणि पाचही ठिकाणी वरच्या ओळीत एचडीएफसी बँक, आयसीआयसीआय बँक, रिलायन्स. सेबीने, म्हणजे शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१७ मध्ये व्याख्याच करून टाकलीये, मार्केट कॅपने (सगळ्या शेअर्सची मिळून बाजारातली किंमत) पहिल्या १०० कंपन्या म्हणजे लार्ज, १०१ ते २५० मिड, २५१ पासून पुढे स्मॉल, आणि लार्ज कॅप फंडाला ८०% पैसे त्या १०० मध्येच ठेवावे लागतात, मग तीन घेतले काय नि एक घेतला काय. मला वाटत होतं मी रिस्क वाटून घेतलीये!

दुसरा प्रश्न, पैसे कधी लागणार? घणसोलीला फ्लॅट बघतोय, दोन वर्षांत डाऊन पेमेंट, असं सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला, कारण ते पैसे स्मॉल कॅपमध्ये होते. कॅलेंडरचं जुनं पान उलटं करून त्यावर तीन रकाने आखून दिले. वर्षभरात लागणारे पैसे लिक्विड फंडात, त्यातले कर्जरोखे ९१ दिवसांच्या आत मुदत संपणारे असतात म्हणून फारसं वरखाली होत नाही. दोन-तीन वर्षांचे असतील तर सरळ एफडी, कारण १ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाचा (कर्जरोख्यांत पैसे घालणारा फंड) नफा तसाही एफडीच्या व्याजासारखा इन्कम टॅक्सच्या स्लॅबप्रमाणेच धरतात. सात वर्षांच्या पुढचे असतील तरच शेअरवाले फंड. एफडीत त्यांना एक पैसा कमिशन नाही, तरी सांगितलं, ह्याचा एक स्टार वेगळा.

आता तक्रार. स्मॉल कॅप विकताना म्हणाले, वर्षाच्या वर ठेवलेले युनिट विकले तर एका आर्थिक वर्षात सव्वा लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, वरच्यावर १२.५%, तर अर्धं आत्ता विका आणि अर्धं एप्रिलमध्ये, नवीन वर्षात परत सव्वा लाख मिळतील. कागदावर एकदम बरोबर. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये मार्केट असलं आपटलं की टॅक्स वाचला असता त्याच्यापेक्षा जास्त पैसे गेले. दोन वर्षांत लागणारे पैसे आहेत म्हणून काढा असं तुम्हीच सांगितलंत ना, मग थांबायला का सांगितलंत? विचारलं तर "हो, ते चुकलं" म्हणाले. कबूल केलं म्हणून एकच स्टार कापतेय.

अर्धा स्टार नवऱ्याच्या फॉर्मचा. त्यात ग्रोथऐवजी (नफा फंडातच राहतो तो ऑप्शन) आयडीसीडब्ल्यूवर टिक झाली होती, म्हणजे पूर्वीचा डिव्हिडंड ऑप्शन. आपल्याच एनएव्हीतून, म्हणजे युनिटच्या किमतीतून, काढून आपल्यालाच देतात आणि वर त्याच्यावर स्लॅबने टॅक्स. लक्षात आलं चार महिन्यांनी, ते पण आम्हालाच. फॉर्म सही करण्याआधी स्वतः वाचा, कितीही ओळखीचं असलं तरी. आणि व्हॉट्सॲपवर मधूनच येतं, नवीन फंड, युनिट फक्त १० रुपये. काका, दहाचं युनिट म्हणजे सेल लागलाय का? आतले शेअर बाजारभावानेच घेणार ना.

डायरेक्ट (थेट फंड कंपनीकडून) की रेग्युलर (एजंटमार्फत) हे विचारल्याशिवाय सांगत नाहीत. विचारल्यावर मात्र लपवलं नाही, रेग्युलर प्लॅनमध्ये त्यांचं कमिशन दरवर्षी कापलं जातं. महिना १० हजारांची एसआयपी, २० वर्षं, १२% धरले तर साधारण ९९ लाख होतात आणि कमिशनपायी एक टक्का कमी, म्हणजे ११% धरले तर साडेशहाऐंशी. (१२% मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही, फरक कळावा म्हणून.) म्हणून आमचं दोघांचं आता डायरेक्टमध्ये, एक इंडेक्स आणि एक फ्लेक्सी कॅप, बास.

बाबांचं मात्र त्यांच्याकडेच ठेवलंय. फेब्रुवारीतच, निफ्टी २६ हजारांवरून २२ हजारांकडे येत होता तेव्हा, बाबा सकाळी पेपर घेऊन तिथे धडकले, सगळं काढून द्या म्हणून. काकांनी चहा मागवला, पोस्टाच्या सीनियर सिटिझन स्कीममधलं व्याज तीन महिन्यांनी येतंच आहे ते दाखवलं, फंडातल्या पैशाला पाच वर्षं हात लावायचा नाही असं बाबांनीच स्वतःच्या अक्षरात लिहिलेला कागद फाईलमधून काढला. बाबा दुपारी घरी आले आणि जेवून झोपले. माझं त्यांनी ऐकलं नसतं, ॲपचं तर नाहीच नाही.

शनिवारी अकराच्या आत जा, नंतर रांग लागते. पॅन, आधार आणि कॅन्सल्ड चेक न्या. लिफ्ट नाहीये आणि जिना उभा आहे, गुडघे दुखत असतील तर फोन करा, ते खाली येतात.