दुपटं, डायपर की ‘शूऽऽ’? जर्मनीत बाळ होणार असेल तर

दुसऱ्या बाळंतपणाला आई सांगलीहून आली ती २३ किलोंची बॅग घेऊन. बॅगेत डिंक, हळीव, वेखंडाचं कांड, आणि तळाशी तिच्या जुन्या सुती साड्या फाडून केलेल्या लंगोटांची ही एवढी थप्पी. बाळ घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आमची हेबामे आली. हेबामे म्हणजे इथली सुईण. बाळंतिणीच्या घरी पहिले दहा दिवस रोज येऊ शकते, मग बारा आठवड्यांपर्यंत लागेल तशी, आणि सरकारी आरोग्यविमा असेल तर खर्च विम्यातून. (पण ती मिळवायला तिसऱ्या महिन्यापासूनच फोन फिरवावे लागतात, हे आधी लिहून ठेवा.) तिने ती थप्पी पाहिली, एक लंगोट बोटांत चुरगाळून पाहिला आणि खूश झाली. म्हणाली, याच्याइतकं मऊ इथे विकतही मिळायचं नाही, हेच वापरा.

मी आईला भाषांतर करून सांगितलं. आई म्हणाली, “तिला विचार, कधी धुतलेत का तिने? आणि त्या पॅम्पर्सला काय धाड भरलीय?”

जर्मन सुईण लंगोटाच्या बाजूची, लंगोट घेऊन आलेली आई डायपरच्या बाजूची, आणि टाके ओढत सोफ्यावर बसलेली मी मध्ये. पहिली मुलगी पूर्णपणे डायपरवर वाढवली होती. दुसऱ्यावर डायपर, कापड आणि ‘शूऽऽ’ असे तिन्ही प्रकार करून पाहिले. श्टुटगार्टकडे पुण्याहून आलेली मराठी कुटुंबं बरीच आहेत, त्यातल्या कुणा ना कुणाचा चार महिन्यांनी एकदा फोन येतो: “ताई, कापडी घेऊ का डायपर?” म्हणून हे सगळं एकदाच लिहितेय.

पैशाचं आधी उरकते, कारण त्यात फारसा दम नाही. पहिलीला अडीच वर्षांत पाच हजारांच्या आसपास डायपर लागले. सुरुवातीला दिवसाला आठ-दहा, नंतर पाच. औषधी-सौंदर्याच्या साखळी दुकानांतले घरचे ब्रँड घेतले, आकार वाढेल तशी किंमत वाढते, सरासरी १८ सेंट धरा. म्हणजे ९०० युरो. दुसऱ्यासाठी कापडी संच कुणाचा तरी वापरलेला १८० युरोंना घेतला. एक दिवसाआड ६० अंशांवर मशीन लावलं. वीज, पाणी, पावडर मिळून एका धुण्याला ९० सेंटांच्या आतबाहेर. दोन वर्षांत साधारण ५१० युरो झाले. वाचले चारशे, म्हणजे महिन्याला जेमतेम पंधरा. नवा संच घेतलात तर त्याहूनही कमी, कारण चांगला संच ३०० ते ५०० युरोंपर्यंत जातो. काही नगरपालिका कापडी लंगोटांना थोडं अनुदान देतात, आपल्या गावच्या कचरा विभागाला एक मेल टाकून पाहा. पण पैशासाठी कापडी घ्यायचे असतील तर दुसरं मूल होणार आहे का, हा प्रश्न आधी सोडवा.

पर्यावरणाचं उत्तर मला वाटलं होतं तितकं सरळ नाही. ब्रिटनमध्ये सरकारी पातळीवर याचा हिशेब झालाय. २००८ च्या अहवालात अडीच वर्षांच्या डायपरांमुळे ५५० किलो कार्बन डायऑक्साइड, आणि कापडी लंगोटांमुळे ५७०! म्हणजे कापडीच किंचित वाईट. मात्र मशीन पूर्ण भरून लावलं, दोरीवर वाळवलं आणि तेच लंगोट दुसऱ्या मुलाला वापरले, तर कापडीचा आकडा ३७० पर्यंत उतरत होता. सगळं ड्रायरमध्ये वाळवलं तर उलट चढत होता. २०२३ च्या नव्या हिशेबात कापडी साधारण २५ टक्क्यांनी सरस ठरले. मी यातून एवढंच घेतलं की ड्रायरमध्ये टाकणार असाल तर निसर्गाचं नाव घेऊ नका. कचऱ्याचा मुद्दा वेगळा, आणि तो डोळ्यांना दिसतो. रात्रभराचा भरलेला डायपर हातात घेतला की पावशेर तरी भरतो. आमच्या इमारतीत काळा डबा दोन आठवड्यांनी एकदा उचलला जायचा. जुलैत त्या डब्याचं झाकण उघडायला मी नवऱ्याला पाठवत असे.

आता खरा मुद्दा: वाळवणं.

आई सांगते, आमच्या वेळी सकाळी मोरीत तीस लंगोट असायचे, बंबातलं कढत पाणी, साबणाची वडी. अंगणात दोरी, आणि अकरा वाजेपर्यंत सगळं कडक वाळलेलं. तिच्या तक्रारी सगळ्या पावसाळ्याच्या. आषाढ-श्रावणात शेगडीवर टोपली पालथी घालून त्यावर लंगोट शेकायचे, सगळ्या घराला ओलसर, धुरकट वास. जर्मनीतला हिवाळा म्हणजे कपड्यांच्या दृष्टीने पाच महिन्यांचा आषाढ. बाहेर दोन अंश, पाच वाजता अंधार. घरात कपडे वाळवायचा घोडा उभा करायचा, त्यावर वीस लंगोट, शेजारी मोठीच्या विजारी. खिडकी उघडली नाही तर भिंतीच्या कोपऱ्यात बुरशी धरते, उघडली तर बाळंतीण कुडकुडते. आम्ही दिवसातून तीनदा पाच-पाच मिनिटं सगळ्या खिडक्या सताड उघडायचो, तोवर आई बाळाला गुंडाळून बाथरूममध्ये जाऊन बसायची. आणि मशीनही हवं तेव्हा लावता येत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, रविवारी तर शेजारच्या आजोबांचे कान भिंतीलाच. जिन्याच्या झाडलोटीची पाळी चुकली तरी दारावर चिठ्ठी लागते असा हा मुलूख.

तर घर बघताना विचारा: तळघरात वाळवायची सामाईक खोली आहे का? बाल्कनी दक्षिणेला आहे का? यांपैकी एकाचं उत्तर ‘हो’ असेल तर कापडी लंगोट सुखाने चालतात. दोन्ही ‘नाही’ असतील तर ऑक्टोबर ते मार्च डायपर वापरा, मनाला लावून घेऊ नका.

कापडीत काय घ्यायचं यावर लोक तासन्‌तास बोलतात. मी तीन प्रकार वापरले. गुंड्यांचे, आत पॅड सरकवायचे तयार ‘पॉकेट’वाले: घालायला डायपरसारखेच सोपे, बाबा लोकांना आवडतात, पण वाळायला दीड दिवस. दुसरं, साधं चौकोनी मलमलचं कापड. इथे त्याला मुलविंडेल म्हणतात, दुकानात गठ्ठ्याने मिळतं, आणि जर्मन आया ते बाळाची ओकारी पुसायला खांद्यावर टाकतात. आईने पहिल्यांदा दुकानात पाहिलं तेव्हा तिथेच उलगडून दोन बोटांत धरलं आणि म्हणाली, “अगं, हे तर आपलं दुपटं.” हे घडी घालून लावायचं, वरून गळू नये म्हणून एक चड्डी. रात्रीत वाळतं. तिसरी ती चड्डीच, पण लोकरीची. हिच्यावर माझा विश्वास नव्हता. लोकर मेंढीच्या लोकरीतल्याच मेणात, लॅनोलिनमध्ये भिजवून घ्यायची, मग ती बाहेरून ओली होत नाही. रोज धुवायचीही नाही, नुसती हवेवर टांगायची. शी लागली नाही तर तीन आठवड्यांनी एकदा कोमट पाण्यातून काढायची. वास येत नाही, हे मी स्वतः नाक लावून सांगते. साधं मलमल आणि लोकरीची चड्डी हीच जोडी शेवटी टिकली. पॉकेटवाले मी विकून टाकले.

धुताना एकच चूक मी केली: कपडे मऊ करायचं द्रव घातलं. महिनाभरात लंगोट पाणी शोषेनासे झाले, मूत नुसतं वरून घरंगळायला लागलं. ते द्रव कधीच नको. आणि सहा महिन्यांपर्यंत, बाळ नुसतं अंगावर पीत असताना, शी मोहरीच्या पिवळ्या वाटणासारखी असते, मशीनमध्ये आपोआप निघते. वरणभात सुरू झाला की खेळ बदलतो. मग लंगोटात पातळ कागदी अस्तर घालायचं, घट्ट शी संडासात झटकायची, अस्तर मात्र कचऱ्यात. संडासात टाकलंत तर पाइप तुंबतो, प्लंबरचं बिल दोन वर्षांच्या डायपरांइतकं.

अंगावरच्या पुरळाबाबत दोन्ही पक्ष फेकतात. डायपरमधली शोषक भुकटी ओल खेचून घेते, म्हणून बाळाला ओलं कळत नाही आणि आपण पाच तास बदलत नाही. कापड लगेच ओलं लागतं, दोन-तीन तासांत बदलावंच लागतं. पुरळ बदलण्याच्या आळसाने येतं, हे माझ्या दोन मुलांवरचं मत. मांड्यांमध्ये कापडाची रुंद घडी राहिल्याने पाय बेडकासारखे फाकलेले राहतात, ते हेबामेला आवडलं. उलट आपल्याकडे पाय सरळ करून बाळाला काडीसारखं घट्ट बांधतात, त्यावर तिने हात जोडले: खुब्याला वाईट. चौथ्या-पाचव्या आठवड्यात इथे प्रत्येक बाळाच्या खुब्याची सोनोग्राफी होते, तेव्हा डॉक्टरही तेच म्हणाले. आईने ते मात्र ऐकलं.

तिसरा प्रकार ‘शूऽऽ’चा. याला इथे विंडेलफ्राय म्हणतात, लंगोटमुक्त. कार्यशाळा होतात, पैसे घेतात. बाळ उठल्याउठल्या, दूध पिऊन झाल्यावर, चेहरा जरा ताणला की त्याला मांड्यांखाली धरून भांड्यावर न्यायचं आणि तोंडाने आवाज काढायचा. धरण्यासाठी एक छोटं भांडं मिळतं, जे आपल्या मांड्यांत पकडता येतं. त्याचं नाव चक्क ‘आशियाई भांडं’. ते पाहून आई इतकी हसली की टाके माझेच दुखले. तिने भांडं बाजूला सारलं, जमिनीवर पाय लांब करून बसली, बाळाला दोन्ही पावलांवर बसवलं, खाली कागद, आणि शूऽऽ. चाळीस सेकंदांत काम फत्ते.

पण ती जमीन सांगलीची नव्हती. भाड्याच्या घरात लाकडी जमीन, बैठकीच्या खोलीत गालिचा, आणि मालकाकडे तीन महिन्यांच्या भाड्याइतकं डिपॉझिट अडकलेलं. सांगलीत शहाबादी फरशीवर एक तांब्या पाणी ओतलं की झालं. शिवाय डिसेंबरात बाळाच्या अंगावर चार थर. ते सोडेपर्यंत त्याचा विचार बदललेला असतो. आम्ही कपडे बदलायच्या टेबलाच्या वर ऊब देणारा दिवा लावला आणि फक्त दोन वेळा धरायचं ठरवलं: सकाळी उठल्यावर आणि आंघोळीआधी. शी जवळजवळ रोज भांड्यात. एवढ्यानेसुद्धा धुणं निम्म्याने हलकं झालं. आई ९० दिवसांच्या व्हिसावर होती. ती गेल्यावर संध्याकाळची पाळी बुडाली, सकाळची टिकली. पूर्णवेळ करायचं तर घरात दुसरं माणूस हवं, ज्याला दुसरं काम नाही. इथे ते माणूस म्हणजे नवरा. वडिलांनी निदान दोन महिने रजा घेतली तर पालक-भत्ता दोघांत मिळून १४ महिने मिळतो, नाहीतर १२. ते दोन महिने त्याने कधी घ्यायचे, हे लंगोट ठरवताना ठरवा. बहुतेक जण ते भारतवारीसाठी वापरतात. आम्ही आई परतली त्याच्या दुसऱ्या दिवसापासून घेतले.

पाळणाघराचं राहिलं. वर्षाच्या मुलाला किटात, म्हणजे इथल्या पाळणाघरात, जागा मिळणं हा २०१३ पासून कायदेशीर हक्क आहे, पण कापडी लंगोट बदलून देणं हा नाही. मोठी जिथे जायची तिथल्या बाईंनी हसून नकार दिला, धाकट्याच्या ठिकाणी ‘आम्हाला एकदा दाखवा, करू’ म्हणाल्या. प्रवेशाच्या भेटीतच विचारा. नकार आला तर दिवसा डायपर, घरी कापड.

आता फोनवर सांगते तेच सांगते. पहिलं बाळ, सोबतीला कुणी येणार नाही, टाके पडलेत: पहिले सहा आठवडे डायपर. सुरुवातीची काळी चिकट शी तर कापडावर येऊच देऊ नका. आई किंवा सासूबाई येणार असतील तर लंगोट चालू करा, पण त्यांना विचारून. धुणार कोण हे त्यांनी येण्याआधी ठरवा. माझ्या आईला मी विचारलं नव्हतं. तिने थप्पी आणली होती ती बाळाच्या अंगाखाली अंथरायला, तान्ह्याला काही दिवस तरी जुनं सुती लागावं म्हणून. हे मला ती परत गेल्यावर, फोनवर कळलं. तोवर मी तिच्याकडून रोज वीस धुऊन घेतले होते.

दुसरं बाळ असेल आणि वाळवायला जागा असेल तर बेलाशक कापडी. रात्री एक डायपर घाला, सगळ्यांना झोप हवी असते. आणि ‘शूऽऽ’ कुणीही करा, फुकट आहे. पहिल्या चार महिन्यांत सुरू केलंत तर बरं, नंतर बाळ ऐकत नाही.

भारतातून आणायचंच असेल तर नवे लंगोट आणू नका. जुनी, खूप धुतलेली सुती साडी एक. तिचे हातभर रुंदीचे चौकोन फाडा, कडा शिवू नका, शिवण रुतते. एवढं इथल्या मलमलच्या वीस तुकड्यांबरोबर आणि लोकरीच्या तीन चड्ड्यांबरोबर पुरतं.