हेअर ट्रान्सप्लांटला वर्ष होत आलं, माझा अनुभव

पुण्यात एफयूई पद्धतीने (डोक्याच्या मागून केसांची मुळं एकेक करून काढून दुसरीकडे लावायची) हेअर ट्रान्सप्लांट करून घेतलं, त्याला आता वर्ष होत आलं. वय बेचाळीस. सुमारे 2200 ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट काढलेले एक-दोन-तीन केस), सगळे पुढच्या भागात. भोवऱ्यावरही केस विरळ आहेत, पण डॉक्टरांनी तो भाग मुद्दाम सोडला. डोक्याच्या मागच्या केसांचा साठा मर्यादित असतो, पुढे गरज पडली तर त्यातूनच काढावं लागतं.

माझ्या मते अर्धं काम, नवे केस कपाळावर कुठून सुरू होणार ती रेघ मार्करने आखतानाच ठरतं. आधी एका क्लिनिकमध्ये गेलो होतो. तिथल्या समुपदेशकाने कपाळावर खाली, पट्टीने मारल्यासारखी सरळ रेघ ओढली आणि म्हणाला, "सर, पंचविशीतले दिसाल." डॉक्टर भेटलेच नाहीत. मी तिथूनच परत फिरलो. हे काम प्रशिक्षित डॉक्टरांचं आहे, टेक्निशियनवर सोडायचं नाही, असं नॅशनल मेडिकल कमिशनने (डॉक्टरांसाठी नियम करणारी केंद्रीय संस्था) 2022 मध्ये सांगितलंय. तेव्हा छेद कोण घेणार, हे पैसे भरण्याआधी विचाराच.

ज्यांच्याकडे केलं त्या मॅडमनी रेघ वर ठेवली, दोन्ही कोपरे थोडे आत जाऊ दिले आणि कड मुद्दाम नागमोडी केली. अगदी पुढे एकेका केसाचे ग्राफ्ट, त्यामागे दोन-तीन केसांचे, सगळे पुढे झुकलेले. बेचाळिशीतलं कपाळ असंच असतं. जुन्या पंच ग्राफ्टमध्ये जाड पुंजके लावायचे, म्हणून ते बाहुलीच्या केसांसारखे दिसायचे.

भुलीची इंजेक्शनं चांगलीच झोंबली. खपल्या दहा दिवसांत गेल्या, पण त्यानंतर लावलेले केसच गळू लागले. हे होणार हे माहीत असूनही उशीवर केस बघून पोटात गोळा यायचा. मुळं आत शाबूत असतात. चौथ्या महिन्यात बारीक, काहीसे कुरळे केस डोकावले, सहाव्यानंतर भांग पाडता येऊ लागला.

केस ओले असताना ट्यूबलाइटखाली टाळू अजूनही दिसते. मागे बारीक पांढरे ठिपके राहिलेत, त्यामुळे झिरो मशीन मारता येणार नाही. जुने केस टिकवायला मिनॉक्सिडिल आणि फिनास्टराइड चालूच आहे. फिनास्टराइडने काहींना लैंगिक तक्रारी होतात, त्याबद्दल डॉक्टरांशी न लाजता बोला. आणि विशीत असाल तर थोडं थांबा: गळती कुठवर जाणार हे तेव्हा ठरलेलं नसतं, आणि लावलेल्या पट्ट्यामागचे केस गेले तर तो पट्टा एकटाच उरतो.