गुंतवणुकीचं घर: संभाजीनगर की लातूर?

बजेट एकच आणि मन दोन शहरांत अडकलेलं, असं अनेकांचं होतं. ब्रोशरमधला 'प्रस्तावित' हा शब्द खोडून मगच हिशेब मांडा.

भाडेकरू: संभाजीनगरात वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतला कामगार बाराही महिने राहतो. बिडकीनच्या नव्या औद्योगिक वसाहतीची वाढ खरी, पण कारखाना उभा राहून पगार सुरू झाल्याशिवाय तिथं भाडं येत नाही. लातूरची मागणी शिकवण्यांवर. मे महिन्यात 'नीट' परीक्षा झाली की खोल्या रिकाम्या, जूनपासून हळूहळू पुन्हा गर्दी. म्हणून भाडं बाराऐवजी दहा महिन्यांचंच धरा.

आकार: २०११ च्या जनगणनेत संभाजीनगर पावणेबारा लाख, लातूर चार लाखांच्या आत. मोठ्या शहरात घर विकायला गिऱ्हाईक लवकर सापडतं.

पाणी: २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. संभाजीनगरला जायकवाडी आहे, पण धरण भरलं म्हणजे नळ रोज येतो असं नाही. दोन्हीकडं उन्हाळ्यात जाऊन सोसायटीचं टँकरचं बिल बघा.

कागद: संभाजीनगरात खरी मेख गुंठेवारीची, म्हणजे मंजुरीशिवाय गुंठ्या-गुंठ्यानं पाडलेल्या प्लॉटची. प्लॉट स्वस्त दिसतो, पण नियमितीकरणाचं प्रमाणपत्र नसेल तर बँक कर्जाला हात आखडते. सातबारा, जमीन बिनशेती (एनए) झाल्याचा कागद आणि मंजूर लेआउट तिन्ही जुळवा. लातूरला काळ्या मातीत पाया मुरमापर्यंत गेलाय का, तेही विचारा. नाहीतर भिंतींना तिरप्या भेगा पडतात.

पाच-सात वर्षांत विकायचं असेल तर संभाजीनगर. पोरांच्या शिक्षणासाठी राहायचं आणि वरची खोली भाड्यानं द्यायची असेल तर लातूर.