कॉर्ड शोधायला ॲप बरं की रूटची तार?

गिटारवर ओपन कॉर्ड (मोकळ्या तारा धरून एकत्र वाजणारे सूर) हाताला बसल्या, बारही (एक बोट आडवं ठेवून तारा दाबणं) नीट वाजू लागला, की पुढचा प्रश्न येतोच: नेकवर, म्हणजे गिटारच्या लांब दांड्यावर, इतरत्र कॉर्ड शोधायच्या कशा? एक रस्ता कॉर्ड फाइंडर ॲपचा. दुसरा, सहाव्या (सगळ्यात जाड) आणि पाचव्या तारेवरचे सूर पाठ करून रूटवरून, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरावरून, बोटांचा आकार बसवायचा. मी दोन्ही वापरलेत, ॲप अजूनही फोनमध्ये आहे.

ओळखण्यापुरतं ॲप चांगलं. व्हिडिओत कुणाची बोटं अनोळखी जागी दिसली, त्या जागा टॅप केल्या, की नाव समोर. मात्र नाव एकच येईल असं नाही. ए, सी, ई, जी हे सूर दिले तर ए मायनर सेव्हन आणि सी सिक्स दोन्ही निघतात, दोन्ही बरोबर. बेसला काय वाजतंय आणि मागेपुढे कुठल्या कॉर्ड आहेत, हे कानानंच ठरवायचं.

माझं मत ठरलं ते साथीला बसायला लागल्यावर. गाणाऱ्या ताई पट्टी सांगणार हार्मोनियमची: "काळी एक नको, आज काळी दोन घेऊया." म्हणजे डी शार्प. आता ॲपमध्ये सा साठी डी शार्प शोधा, मग म साठी जी शार्प, मग प साठी ए शार्प. प्रत्येकीच्या ढीगभर आकृत्या, आणि कुठली कुठलीच्या शेजारी पडते ते एकही सांगत नाही. इकडे तबला लागलेला, सगळे आपल्यासाठी थांबलेले. याचा मला फार वैताग यायचा.

रूटवरून गेलं तर पाचवी तार, सहावा फ्रेट (नेकवरच्या आडव्या पट्ट्यांमधलं घर), ए आकाराचा बार, म्हणजे ओपन ए कॉर्डचाच आकार बार धरून: हा झाला सा. त्याच फ्रेटला सहाव्या तारेवरून ई आकार लावला की प, तिथून दोन फ्रेट मागे म. पांढरी दोन मागितली तर सगळंच एक फ्रेट मागे. पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावून डी वाजवूनही काळी दोन मिळते, मान्य; पण शेजारचा गिटारवाला तेच वाजवत असेल तर दोघांचा आवाज एकातच मिसळून जातो.

पाठांतर कंटाळवाणं आहे, हे खरं. शिवाय तिसऱ्या-दुसऱ्या तारेत चार सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एका फ्रेटचं अंतर), बाकी शेजारच्या तारांत पाच, म्हणून ई आकार एक तार पुढे नेला की तो ए आकार होतो, तसाच राहत नाही.

घरी स्वतःपुरतं गायचं असेल तर कॅपो आणि ॲप बहुधा पुरेल. कुणाला साथ करायची असेल, तर मी आधी पाचव्या तारेचे बारा फ्रेट पाठ करायला सांगेन.