फायबर खांबावरून की जमिनीखालून? सांगलीपुरता हिशेब

शामरावनगरच्या एका काकांनी विचारलं, महापालिकेने गल्लोगल्ली इंटरनेटचं फायबर (काचेच्या धाग्यांची केबल) नेलंच, तर मागणी कशाची करायची?

खर्चात खांबावरची केबल सरळ जिंकते. खांब उभेच आहेत; ताण देऊन ओढली की काम झालं. जमिनीखालून न्यायची तर चर खोदा, पाइप टाका, रस्ता पूर्ववत करा. खरा पैसा काचेच्या धाग्यात नाही, या खोदकामात जातो.

टिकण्याचं गणित मात्र इथे कृष्णेला विचारूनच मांडावं लागतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ पातळी ५७ फुटांवर गेली, २०२१ मध्ये पुन्हा महापूर. फायबरमधून प्रकाश जातो, वीज नाही. त्यामुळे नुसत्या पाण्याने शॉर्ट होत नाही. घात होतो तो जोडाच्या डबीत, म्हणजे केबलचे तुकडे जिथे एकमेकांना जोडतात तिथे. तिचं रबरी सील सैल असेल तर आत गाळ बसतो. विजेवर चालणारी यंत्रं तर पूररेषेच्या वरच हवीत, केबल कुठूनही न्या.

खांबावर वळवाचा वारा, झाडाच्या फांद्या आणि उसाचे उंच भरलेले ट्रॅक्टर हे रोजचे शत्रू. पण तुटलेलं दिसतं, शिडी लावून त्याच दिवशी जोडता येतं. जमिनीखाली जेसीबीने पाइप फोडला की आधी जागा शोधा, मग खणा.

माझं मत: गावभाग, शामरावनगरसारख्या पुराच्या पट्ट्यात खांबावरूनच घ्या, जोड उंचावर ठेवून. विश्रामबाग, कुपवाड एमआयडीसीत मुख्य वाहिनी जमिनीखालून असावी. मात्र रस्ता ड्रेनेजसाठी खोदला जाईल तेव्हाच पाइप टाकून घ्यावा.