वरच्या मजल्यावरची तापणारी खोली: पांढरा रंग, चायना मोझॅक, थर्माकोल की पीओपी?

मार्च लागला की टॉप फ्लोअरवाल्यांना सल्ले सुरू होतात. कोणी म्हणतं गच्चीला चुना मारा, कोणी म्हणतं पीओपी करून टाका, वॉटरप्रूफिंगवाला त्याचं कोटिंग गळ्यात मारतो आणि शेजारी थर्माकोल चिकटवून मोकळा झालेला असतो. सगळे आपापल्या जागी थोडे थोडे बरोबर असतात पण प्रत्येक उपाय उष्णतेची वेगळी वाट अडवतो, आणि तुमच्या घरात नेमकी कुठली वाट उघडी आहे ते न बघता पैसे घातले तर निम्मे वाया जातात. म्हणून आधी उष्णता येते कशी ते बघू.

मे महिन्यात भर दुपारी सपाट गच्चीवर चौरस मीटरला जवळपास १००० वॅट ऊन पडतं. साध्या करड्या सिमेंटची गच्ची त्यातलं ६५-७० टक्के पिऊन घेते, त्यामुळे अकोला, जळगाव, चंद्रपूरकडे हवा ४४-४५ अंशांवर असते तेव्हा गच्चीचा पृष्ठभाग ६० च्या वर गेलेला असतो, अनवाणी पाऊल टेकवत नाही. तिथून ती उष्णता काँक्रीटमधून वहनाने हळूहळू खाली सरकते, पाच इंची स्लॅबला यात तीन-चार तास जातात. आणि शेवटचा टप्पा प्रारणाचा, म्हणजे तापलेलं छत खालच्या माणसावर, गादीवर, कपाटावर सरळ उष्णता टाकत राहतं. खोलीतली हवा ३४ अंश दाखवत असली तरी डोकं तापतं ते यामुळेच, शरीराला हवा जाणवते तितकंच भोवतालचं छत आणि भिंतीही जाणवतात. पंखा प्रारण अडवू शकत नाही, उलट छताला चिकटून बसलेली गरम हवा तो खाली आणतो. तरीही पंखा हवाच, घाम त्याच्यामुळे सुकतो.

आता साठ्याचा हिशोब बघा, कारण रात्रीची झोप उडते ती याच्यामुळे. दहा बाय बाराच्या खोलीवर पाच इंची स्लॅब म्हणजे साधारण ३३०० किलो काँक्रीट. ते २० अंशांनी तापलं की त्यात सोळा युनिट विजेइतकी उष्णता साठते. सूर्य मावळला तरी हा साठा जागेवरच असतो, थोडा वर आभाळाकडे जातो आणि उरलेला तुमच्या अंगावर, रात्री अकरा-बारापर्यंत. मराठवाड्यातल्या जुन्या माळवदाच्या घरांत मातीचा थर इतका जाड असायचा की दुपारची उष्णता आत पोचेपर्यंत पहाट व्हायची, आणि लोक रात्री वर गच्चीवरच झोपायचे, म्हणजे तोही साठाच पण वेळ सोयीची. पाच इंची स्लॅबची वेळ नेमकी आपल्या झोपेची आहे.

म्हणून निवड करताना स्वतःला तीनच गोष्टी विचारा. त्रास दुपारी जास्त होतो की रात्री, खोलीत एसी आहे का, आणि गच्चीवर काम करायचा हक्क तुम्हाला आहे का. सोसायटीची गच्ची बहुतेक वेळा सामाईक असते, परवानगीशिवाय ब्रशसुद्धा लावता येत नाही, तेव्हा हा तिसरा प्रश्न कधी कधी बाकीचे दोन्ही निकालात काढतो.

पांढऱ्या रंगापासून सुरुवात करू, कारण माझं मत तिकडेच झुकतं. चांगला पांढरा कोट ताजा असताना ऊन ८० टक्क्यांच्या आसपास परत फेकतो, म्हणजे जिथे ७०० वॅट शिरत होते तिथे २०० शिरतात. शिवाय पांढरा रंग स्वतःची उष्णता आभाळाकडे सोडण्यातही चांगला असतो. चंदेरी ॲल्युमिनियम पेंटचं तसं नाही, तो ऊन बऱ्यापैकी परतवतो पण आतली उष्णता सोडायला कंजूष, म्हणून चमकताना छान दिसला तरी पांढऱ्याच्या मागेच राहतो. साधा चुना, त्यात बांधणीसाठी थोडं फेविकॉल, हा सगळ्यात स्वस्त मार्ग आणि एका उन्हाळ्यापुरता खरोखर काम करतो. पहिल्या जोरदार पावसात निम्मा धुपून जातो आणि कपडे वाळत घालताना पांढरं लागतं इतकंच. ॲक्रिलिकचा कूल रूफ कोट महाग पण काही वर्षं टिकतो. दोन्हींचा शत्रू धूळ. विदर्भात एप्रिलपर्यंत गच्ची मातकट होते आणि त्याबरोबर परतवण्याची ताकदही उतरते, म्हणून महिन्यातून एकदा झाडून-पुसून घ्यायची तयारी नसेल तर पांढऱ्याकडून पूर्ण अपेक्षा ठेवू नका.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगतो. आपल्याकडे वॉटरप्रूफिंग म्हटलं की विटकरी रंगाचं कोटिंग मारायची सवय आहे, नाहीतर काळा डांबरी शीट. गळती थांबते पण गच्ची आधीपेक्षा जास्त ऊन प्यायला लागते, काळा शीट तर ९० टक्क्यांच्या पुढे जातो. तसली कोटिंग पांढऱ्या रंगातही मिळतात, मजुरी तीच, मेहनत तीच. पावसाळ्याआधी वॉटरप्रूफिंग करायचंच असेल तर फक्त रंगाचा निर्णय बदला, गळती आणि उष्णता दोन्ही एकाच खर्चात. डांबरी शीट आधीच असेल तर त्यावर चालणारा पांढरा कोट विचारून घ्या.

चायना मोझॅक म्हणजे फुटक्या पांढऱ्या टाइल्सची गच्ची. परतवण्याचं काम रंगासारखंच, पण टिकाऊपणा कितीतरी जास्त, पापड-कुरडया घालायला, चालायला, धुवायला उत्तम. मात्र खाली ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटेच्या तुकड्यांचा थर, आला की वजन येतं, चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला २०० किलोच्या आसपास जातं. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय आणि जुना कोबा न काढता त्यावर नवा चढवणं मला अजिबात पटत नाही. कोबा स्वतः उष्णता थोडीच अडवतो, विटेचे तुकडे आणि चुना-सिमेंट हे काही खरं इन्सुलेशन नाही, आणि त्याचा साठा स्लॅबच्या साठ्यात मिळतो. म्हणजे मोझॅक घ्यायचा तो टिकाऊ पांढरेपणासाठी आणि उतारासाठी, जाडीमुळे घर थंड होईल या आशेने नको.

आता इन्सुलेशन. काँक्रीटमधून उष्णता थर्माकोलपेक्षा साधारण ४५ पट सहज जाते, थर्माकोलमध्ये अडकलेली हवा हेच त्याचं सगळं बळ. स्लॅबवर दोन इंच एक्सपीएस शीट (थर्माकोलचाच घट्ट, पाणी न धरणारा भाऊ) टाकून वर स्क्रीड म्हणजे सिमेंटचा थर आणि टाइल केली तर फरक मोठा पडतो. यू-व्हॅल्यू म्हणजे आत-बाहेर एक अंशाचा फरक असताना चौरस मीटरमधून किती वॅट जातात तो आकडा, नुसत्या स्लॅबचा ३.५ च्या जवळ असतो, दोन इंची एक्सपीएसनंतर सातव्या हिश्श्यावर म्हणजे ०.५ च्या आसपास येतो. केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१८ मध्ये काढलेल्या इको निवास संहितेत घराच्या छतासाठी कमाल १.२ सांगितलंय, म्हणजे आपले बहुतेक स्लॅब त्याच्या तिप्पट वाईट आहेत. गच्चीवर टाकताना एक्सपीएसच घ्या, साधा थर्माकोल पाणी धरतो आणि ओला झाला की त्याची ताकद जाते. आणि थर वरच असला पाहिजे, कारण तेव्हा स्लॅब उन्हाच्या बाहेर जातो, तापतच नाही, दिवसा फुगणं रात्री आकसणं कमी होतं आणि त्याने पडणाऱ्या भेगाही कमी होतात.

एसी असलेल्यांनी इथे विचार करावाच. दुपार-संध्याकाळी छतातून चौरस मीटरला ७०-८० वॅट येतात असं धरलं तर त्याच दहा बाय बाराच्या खोलीत ८०० वॅटच्या वर होतात, एक टनाचा एसी साधारण ३५०० वॅट बाहेर फेकतो, म्हणजे चौथा हिस्सा एसी नुसत्या छतासाठी राबतोय, रोज, अख्खा उन्हाळा. इन्सुलेशनचा खर्च तिथे बिलातून परत येतो. एसी नसेल तर मात्र गणित बदलतं. जाड इन्सुलेशन दिवसा बाहेरची उष्णता अडवतं तसं रात्री आतलीही अडवतं, माणसं, गॅस, फ्रिज, तापलेल्या भिंती यांची उष्णता मग खिडकीतूनच जायला हवी. रात्री खिडक्या उघडता येत नसतील, डासांमुळे म्हणा किंवा चोरीच्या भीतीने, तर एसी नसलेल्या खोलीला मी आधी पांढरा रंगच सुचवेन, त्यात स्लॅबला रात्री वरून थंड व्हायची मोकळीक राहते.

पीओपी किंवा जिप्समचं फॉल्स सीलिंग हा भाडेकरूला किंवा ज्याला गच्चीवर जाता येत नाही त्याला उरणारा पर्याय, घरमालकाला विचारूनच अर्थात. स्लॅब पूर्वीइतकाच तापतो, फक्त तुमच्यात आणि त्याच्यात एक पडदा येतो. मधली हवेची पोकळी आणि बोर्ड मिळून आत येणारी उष्णता ढोबळमानाने निम्मी होते. बोर्डच्या वर, पोकळीच्या बाजूला, ॲल्युमिनियम फॉइल किंवा ग्लासवूल टाकलं तर आणखी बराच फायदा, आणि हे काम सीलिंग बंद होण्याआधीच करावं लागतं, नंतर कोणी उघडत नाही. फॉइल सरळ स्लॅबला चिकटवून वर बोर्ड दाबून बसवलं तर ते फुकट, कारण फॉइल प्रारण अडवतं आणि त्यासाठी समोर मोकळी हवा लागते, दोन्हीकडून चिकटलं की उरतं फक्त वहन आणि धातू त्यात तरबेज. नऊ फुटी फ्लॅटमध्ये पंखा खाली येतो हेही लक्षात ठेवा. आणि उघडा थर्माकोल छताला चिकटवून राहू नका, तो पेटला की काळा धूर करतो, स्वयंपाकघरात तर नकोच नको.

सावलीबद्दल कमी बोललं जातं पण ती पांढऱ्या रंगाच्या तोडीची आहे. गच्चीवर फूट-दोन फूट वर हिरवी नेट ताणली की ऊन नेटवर पडतं, नेटची उष्णता वारा घेऊन जातो. सोलर पॅनलही हेच करतात, एका किलोवॅटला साधारण १०० चौरस फूट जागा जाते आणि तेवढी सावली मिळते, त्यामुळे पॅनल बसवणारच असाल तर झोपायच्या खोलीवर येतील असे मांडा आणि खाली हवा खेळू द्या.

पाणी मारणं, ओली पोती टाकणं हेही जोरदार चालतं, एक लिटर पाणी वाळताना साधारण दोन तृतीयांश युनिट उष्णता घेऊन जातं. पण ते कोरड्या हवेत, आणि नेमकं तिथेच मे महिन्यात टँकर लागतात. कोकणात, मुंबईत, गोव्यात हवा आधीच ओली, तिथे पाणी मारून फारसं हाती लागत नाही, तिथे छत पांढरं करून खोलीत वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं.

पत्र्याच्या घराचं सगळंच निराळं. पत्रा पातळ, साठा शून्य, ऊन आलं की काही मिनिटांत तापतो आणि संध्याकाळी तितक्याच लवकर निवतो, म्हणजे त्रास दुपारचा. त्यात उघडा गॅल्व्हनाइज्ड पत्रा उष्णता सोडायला कंजूष असल्याने रंग दिलेल्यापेक्षा जास्त तापतो. पत्र्याला पांढरा रंग हा कुठल्याही छतापेक्षा जास्त आणि लगेच फरक दाखवणारा उपाय आहे, अहमदाबादमध्ये वस्त्यांतली छतं याच विचाराने रंगवली गेली आणि तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफची पॉलिसीच आणली. पत्र्यावर उसाचं पाचट किंवा कडबा पसरणंही सावलीसारखं छान काम करतं, पण ठिणगीचा धोका असतो, चूल किंवा फटाक्यांच्या जवळ नको. नवं शेड बांधत असाल तर पफ पॅनल घ्या, दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला असतो आणि नंतरच्या जुगाडाचा खर्च वाचतो.

चुना किंवा कोट फेब्रुवारीच्या शेवटी मारा, गच्ची कोरडी करून, सकाळी, कारण तापलेल्या गच्चीवर कोट लगेच सुकून पोपडे धरतो. आधी एकाच खोलीवर मारा आणि आठवडाभर रात्री दहा वाजता दोन्ही खोल्यांच्या छताला हात लावून बघा, मग बाकीची गच्ची.